बेटावरच्या बॅटरीचा परतीचा खर्च बंदरातच वसूल व्हावा

मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, गोव्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. पेट्रोल-डिझेलचा थेंब न थेंब तिथे जहाजाने येतो. अशा देशाने जुलै 2022 पासून विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्यांवरील शुल्क काढून टाकले, ते योग्यच झाले. मात्र अशी सवलत गाडी बेटावर येण्यापुरतीच असते. आठ-दहा वर्षांनी तिची दोन-तीनशे किलोंची बॅटरी उतरवली जाते, तेव्हा ती बेटाबाहेर कोणी आणि कोणाच्या पैशाने न्यायची, हा प्रश्न गाडी विकत घेताना कोणी विचारत नाही. छोट्या द्वीपराष्ट्रांच्या विद्युत वाहन धोरणातली ही सर्वांत मोठी फट आहे. ती बुजवायची जागा कचरा डेपो नव्हे. ती जागा बंदर आहे.

मॉरिशसमध्ये घरगुती कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरण्यासाठी मार शिकोझ ही एकच जागा आहे. ती 1997 साली सुरू झाली. मालदीवमध्ये माले शहराजवळची उथळ खाजणे कचऱ्याने भरत नेऊन थिलाफुशी हे बेटच उभे राहिले आणि तिथे अनेक वर्षे कचरा उघड्यावर जळत राहिला. अशा ढिगात लिथियम-आयन बॅटरी जाणे म्हणजे गवताच्या गंजीत निखारा टाकणे. चेचलेल्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट होते. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. विझली असे वाटलेली आग काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा भडकते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू असतो. आग थंड करायला पाणी प्रचंड लागते आणि प्रवाळ बेटावर ते पाणी वाळूतून थेट गोड्या भूजलाच्या पातळ थरात किंवा खाजणात उतरते. जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. तेव्हा लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले होते. तेल निदान पाण्यावर तरंगते, दिसते, अडवता येते. पाण्यात विरघळलेले क्षार आणि धातू पाचटाने अडत नाहीत.

यावर सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे बेटावरच पुनर्प्रक्रियेचा कारखाना. ऐकायला हा उपाय स्वावलंबी वाटतो, पण हिशेबात बसत नाही. वर्षाला हजार गाड्यांच्या बॅटऱ्या निघाल्या आणि प्रत्येकीचे वजन 300 किलो धरले, तरी माल होतो 300 टन. बॅटरीतून निकेल, कोबाल्ट, लिथियम वेगळे काढणारे रासायनिक कारखाने वर्षाला हजारो टन मालावर चालतात. शिवाय त्यांचे आम्लयुक्त सांडपाणी सोडायचे कुठे, हा प्रश्न बेटावर अधिकच बिकट. दुसरी अडचण रसायनाची आहे. अलीकडच्या अनेक स्वस्त गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती अधिक सुरक्षित आणि टिकाऊ, पण तिच्यात निकेलही नाही आणि कोबाल्टही नाही. त्यामुळे भंगार म्हणून तिला मिळणारी किंमत जहाजाचे भाडे भरून काढील, याची खात्री देता येत नाही. ‘बाजार आपोआप उचलून नेईल’ हा भरवसा तिथेच संपतो.

बेटाने करण्यासारखे काम याच्या अलीकडचे आहे, आणि ते नेमकेपणाने करायचे आहे. निसान लीफच्या पहिल्या पिढीतली 24 किलोवॅट-तासांची बॅटरी हे त्याचे चांगले उदाहरण. तिला द्रवाने थंड करण्याची सोय नाही, म्हणून उष्ण हवेत तिची क्षमता लवकर घटते. सुमारे 360 व्होल्टचा हा पॅक उघडण्याआधी नारिंगी सर्व्हिस प्लग काढावा लागतो, मग दहा मिनिटे थांबावे लागते, आणि हातात उच्च दाबाच्या विजेसाठीचे रबरी हातमोजे हवेतच. पत्र्याचे झाकण निघाले की आत 48 मोड्यूल दिसतात. प्रत्येक साधारण चार किलोंचे, जाडजूड वहीएवढे. त्यांतली सगळीच मेलेली नसतात. गाडीला पुरेनाशा झालेल्या पॅकमध्येही मूळ क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास जीव असतो. तपासून, सारख्या ताकदीची मोड्यूल एकत्र बांधून ती सौर पॅनेलच्या जोडीला बसवता येतात. मात्र हे काम रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये होऊ नये. खाऱ्या हवेने गंजलेली जोडणी आणि चुकीची जोडलेली मोड्यूल घरात आग आणतात. शिवाय दुसरे आयुष्य म्हणजे मुक्ती नव्हे. पाच-सात वर्षांनी तीच मोड्यूल पुन्हा दारात उभी राहतात. फरक इतकाच की तेव्हा ती शंभर घरांत विखुरलेली असतात. म्हणून दुसऱ्या वापरालाही नोंद हवीच.

उरलेला माल बाहेर पाठवायचा, आणि इथेच सगळे अडते. लिथियम-आयन बॅटरी जहाजावर नवव्या वर्गाचा धोकादायक माल म्हणून चढते. फुगलेली किंवा अपघातात चेपलेली असेल तर तिचे वेष्टन वेगळे, आणि पेट घेण्याची शक्यता असेल तर सरकारी यंत्रणेची खास मंजुरीही लागते. मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजांना गेल्या काही वर्षांत लागलेल्या मोठ्या आगींनंतर जहाज कंपन्या या मालाकडे अधिकच सावधपणे पाहतात. त्यात बासेल करारातील बदलांनुसार 1 जानेवारी 2025 पासून सर्व प्रकारचा ई-कचरा सीमेपार नेताना घेणाऱ्या आणि वाटेतल्या देशांची पूर्वसंमती लागते. धोकादायक ठरणाऱ्या टाकाऊ बॅटऱ्यांना ती आधीपासूनच लागू आहे. हे नियम गरीब देशांना कचराकुंडी होण्यापासून वाचवण्यासाठी आहेत आणि ते सैल करू नयेत. पण वर्षाला दोन-चार कंटेनर पाठवणाऱ्या बेटावर त्यांचा भार मोठ्या देशाच्या कैक पटींनी पडतो. पॅसिफिकमध्ये 2018 पासून ‘मोआना ताका’ योजनेखाली परतीच्या रिकाम्या कंटेनरमधून बेटांवरचा पुनर्वापरयोग्य कचरा विनामूल्य नेला जातो. अशी व्यवस्था बॅटरीसाठी उभी करायची तर प्रशिक्षित माणसे, अग्निरोधक पेट्या आणि बंदराजवळ पण वस्तीपासून दूर असलेले गोदाम लागेल. या सगळ्याला पैसा लागतो.

तो पैसा येण्याची वाट एका अगदी छोट्या देशाने आधीच दाखवली आहे. किरिबातीने 2004 च्या कायद्याने ‘काओकी मांगे’ ही अनामत योजना आणली. पेयाच्या प्रत्येक डब्यावर आयातीवेळीच पाच सेंट घेतले जातात आणि डबा परत दिला की चार सेंट हातात पडतात. उरलेल्या सेंटवर गोळा करण्याचा, दाबून बांधण्याचा आणि बाहेर पाठवण्याचा खर्च चालतो. मोटारीची शिसे-आम्ल बॅटरीही त्या योजनेत आहे. किरिबातीच्या तारावासारख्या चिंचोळ्या प्रवाळ बेटावर जे जमले, ते मॉरिशस, मालदीव किंवा बार्बाडोसला जमू नये, असे काही नाही. बेटाला एक फायदा असा आहे की तिथे गाड्या मोजक्या बंदरांतूनच आत येतात. सीमाशुल्क अधिकाऱ्याने चॅसी क्रमांकासोबत बॅटरीचा क्रमांक, प्रकार आणि क्षमता नोंदवावी, क्षमतेच्या प्रमाणात अनामत घ्यावी आणि बॅटरी केंद्रावर जमा झाल्यावर मोठा भाग शेवटच्या मालकाला परत द्यावा.

उत्पादकावरच जबाबदारी टाकावी, असा आक्षेप येतो. भारताच्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती उत्पादक आणि आयातदारांवर टाकली आहे. बेटावर कारखाना नसतो, असतो तो आयातदार. जपानमधून आलेल्या जुन्या गाडीचा आयातदार दहा वर्षांनी दुकान बंद करून गेलेला असू शकतो. अनामत मात्र बॅटरीसोबत राहते. गाडी महागेल हा दुसरा आक्षेप खरा आहे, पण ही वाढ म्हणजे नवा कर नाही. हा खर्च कोणाला ना कोणाला भरावाच लागणार, आणि गाडी घेणाऱ्याने भरला नाही तर तो कचरा डेपोशेजारी राहणारा भरतो.

भारताचाही यात भाग आहे. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटरीच्या भंगारावरील मूलभूत सीमाशुल्क माफ झाले. सप्टेंबर 2025 मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्प्रक्रियेसाठी 1,500 कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी मिळाली. मालदीव भारताच्या दाराशी आहे. मॉरिशसमध्ये रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या नांदत आहेत. या दोन्ही देशांशी करार करून, तपासलेल्या आणि नीट बांधलेल्या बॅटऱ्यांना ठरलेल्या परवानाधारक कारखान्यांपुरती संमती देता येईल. मात्र फुटकी, नोंद नसलेली बॅटरी त्या नावाखाली आत येता कामा नये. नाहीतर बेटाचा कचरा आपल्याकडच्या भंगार गल्लीत कोवळी पोरे फोडत बसतील.

ज्या गाड्या अनामतीशिवाय आधीच आत आल्या, त्यांचा प्रश्न राहतो. त्यांच्यासाठी इंधनावरील करातून ठरावीक वाटा वेगळ्या खात्यात टाकावा लागेल, आणि अर्थखात्याला त्या खात्यातून इतर खर्चासाठी रक्कम काढता येऊ नये, असे कायद्यातच लिहावे लागेल. 2022 साली नव्या घेतलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या 2030 च्या सुमारास उतरू लागतील. हायब्रीड गाड्यांच्या लहान बॅटऱ्या आणि वापरलेल्या गाड्यांसोबत अर्धे आयुष्य संपवून आलेल्या बॅटऱ्या त्याआधीच.

– एक वाचक, रत्नागिरी