नोंदवही कोणाच्या हाती? गृहनिर्माण संस्थेचा व्यवस्थापक आणि आपले तरुण

सन 1917 मध्ये परमपूज्य बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठातील उच्च विद्या पदरी असूनही त्या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आश्रय घेतला. तेथील व्यवस्था पाहणाऱ्या इसमाने नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर त्यांस खोली दिली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी गृहस्थ वर चढून आले आणि सायंकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांस फर्मावण्यात आले. दुसरीकडे कोठेही थारा न मिळाल्यामुळे काही तास त्यांनी कमाटी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेली आहे.

हा प्रसंग आपण वारंवार सांगतो, आणि सांगताना आपले लक्ष स्वाभाविकपणे त्या काठ्यांकडे जाते. गेली वीस वर्षे न्यायालयात घरांचे दावे चालविणाऱ्या माझ्यासारख्या वकिलास मात्र त्या पथिकाश्रमातील नोंदवहीची आठवण अधिक होते. कोणाचे नाव लिहावयाचे, कोणाचे लिहावयाचे नाही आणि कोणत्या नावाने लिहावयाचे, हे ठरविणे त्या एका सामान्य नोकराच्या हाती होते. आज ती नोंदवही कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मी ह्या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहे.

शहरात आज घर मिळणे म्हणजे बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद होणे होय. महाराष्ट्रात अशा संस्था एक लाखाहून अधिक आहेत. ह्या चळवळीचा आरंभ मुंबईत गावदेवी येथे सन 1915 मध्ये सारस्वत मंडळींच्या संस्थेने झाला. एका जातीच्या लोकांनी एकत्र येऊन आपल्या लोकांकरिता घरे बांधली, ह्यात त्या काळास धरून काही नवल नव्हते. पण आपले लोक त्या वेळी अशा संस्थांच्या जवळपासही नव्हते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. 1920 च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील एकेका खोलीत आपल्या कित्येक कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. तेथे मालक सरकार होते आणि आपण भाडेकरू होतो. नळ गेला, जिना मोडला, तर अर्ज करावयाचा आणि वाट पाहावयाची, एवढाच आपला कारभाराशी संबंध होता.

ती स्थिती आता पालटत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या चाळींतील 556 कुटुंबांस पुनर्विकसित इमारतींतील 500 चौरस फुटांच्या सदनिकांचा ताबा मिळाला. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत तर आपली असंख्य कुटुंबे केव्हाच राहावयास गेली आहेत. कालचा भाडेकरू आज मालक झाला. परंतु मालकी ही केवळ किल्ली नव्हे. उंच इमारतीस उद्वाहन लागते, पाण्याचे पंप लागतात, आग विझविण्याची यंत्रणा लागते, आणि ह्या सर्वांचा खर्च दर महिन्यास सभासदांनीच द्यावयाचा असतो. तो कारभार ज्यास समजत नाही, त्याची मालकी फार काळ टिकत नाही.

ह्याचे एक उदाहरण माझ्याच कार्यालयातील आहे. पुनर्वसनाच्या एका इमारतीतील एक विधवा भगिनी हातात नोटिसांची चवड घेऊन माझ्याकडे आली. थकलेल्या देखभाल खर्चाकरिता, म्हणजे आपण ज्यास मेंटेनन्स म्हणतो त्याकरिता, तिच्या घरावर जप्ती आणण्याची धमकी त्यांत होती. मी संस्थेचे हिशेब मागविले. तीन वर्षे लेखापरीक्षण झालेले नव्हते. बिलात ‘इतर आकार’ ह्या नावाखाली जी रक्कम होती, तिला सर्वसाधारण सभेचा कोणताही ठराव नव्हता. त्या बाईने वेळोवेळी दिलेल्या रकमेपैकी निम्म्या रकमेची पावतीच फाडलेली नव्हती. समितीवरील मंडळी दुष्ट होती काय? मुळीच नाही, ती आपल्यासारखीच कष्टकरी माणसे होती. बिले कशी करावी, पावती का द्यावी, निधी कोणता कशाकरिता ठेवावा, हे त्यांस कोणी शिकविलेच नव्हते. एक जाणता व्यवस्थापक त्या इमारतीत असता, तर ते प्रकरण वकिलापर्यंत आलेच नसते.

ह्या व्यवस्थापकाचे काम काय असते? लोकांची समजूत अशी की, सोसायटीचा मॅनेजर म्हणजे बिले वाटणारा आणि सफाई कामगारांवर देखरेख करणारा इसम. वस्तुतः सभासदांची नोंदणी पुस्तके, भागपत्रांची नोंद, नामनिर्देशनाची नोंद, सभांची इतिवृत्ते, जमाखर्च, कंत्राटे, इमारतीची दुरुस्ती आणि सरकारी पत्रव्यवहार हा सारा त्याचा प्रांत आहे. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के रक्कम दरसाल दुरुस्ती निधीत आणि किमान 0.25 टक्के रक्कम सिंकिंग फंडात जमा व्हावयास पाहिजे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा भरली पाहिजे. सदनिका भाड्याने दिली असता सभासदाकडून घ्यावयाचा बिनभोगवटा आकार सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक असू नये, असा सरकारचा सन 2001 चा आदेश आहे. हे आकडे ज्यास ठाऊक आहेत, त्यास कोणी फसवू शकत नाही, आणि त्याच्या इमारतीतील गरिबासही कोणी फसवू शकत नाही.

तथापि ह्या कामाचे खरे मर्म मला एका लहानशा कृतीत दिसते, आणि ती कृती म्हणजे अर्जाची पोच देणे. आपल्या माणसास घर नाकारणारी संस्था ‘तुम्ही बौद्ध आहात म्हणून नाही’ असे कागदावर कधीच लिहून देत नाही. आडनाव विचारले जाते, मूळ गाव विचारले जाते, आणि मग ‘सेक्रेटरी गावाला गेले आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले जाते. अर्ज हाती घेतला जात नाही. म्हणून नकारही अस्तित्वात येत नाही. आणि नकारच नाही, तर दाद कशाविरुद्ध मागावयाची? 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व आहे. पात्र इसमास पुरेशा कारणावाचून सदस्यत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. संस्था अर्जच घेत नसेल, तर तो निबंधकामार्फत पाठविण्याची सोयही कायद्याने ठेविली आहे. सदनिका भाड्याने देण्यास आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. सूचना देणे पुरे असते. हे सर्व खरे; पण कायद्याची घटिका चालू होते ती पोचेवर शिक्का पडल्यापासून. निर्णय समितीचा असतो. व्यवस्थापकास मत नसते. परंतु अर्ज घेणे, त्यावर तारीख घालणे आणि तो सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठेवणे, हे तर त्याच्याच हातचे काम आहे. आलेल्या प्रत्येक अर्जावर निमूटपणे शिक्का मारणारा व्यवस्थापक एकाही भाषणावाचून न्यायाची बाजू उचलून धरतो.

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात येथे एक शंका येते: धर्म बदलल्याने कायद्याचे संरक्षण गेले काय? ते गेलेले नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास अथवा राहण्यास प्रतिबंध करणे हा 1955 च्या कायद्यान्वये, ज्यास 1976 पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव आहे, अपराध आहे. आणि अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा अंतर्भाव संसदेने 1990 मध्ये केलेला असल्यामुळे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधारही त्यांस आहे. मात्र कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. गुजरातेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सन 2005 मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य मानला. म्हणून व्यवस्थापकाची खुर्ची मिळाली की सर्व दारे उघडतील, असा भ्रम मी कोणाच्या मनात निर्माण करू इच्छीत नाही.

आता आपल्या होतकरू तरुणांच्या पोटाच्या प्रश्नाकडे वळू. ह्या धंद्यात भवितव्य आहे काय? माझे उत्तर असे की, आहे. पण ते शिकलेल्या माणसाला आहे. महाराष्ट्र शासनाचे सहकार खाते गृहनिर्माण व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा घेते, ती सी. एच. एम. ह्या नावाने ओळखली जाते. तसेच सहकार व लेखाकर्म ह्या विषयांची पदविका परीक्षा, जी. डी. सी. अँड ए., हीही घेते. पात्रतेच्या अटी खात्याच्या अधिसूचनेत पाहाव्यात. सी. एच. एम. झालेला तरुण एका मोठ्या संस्थेत नोकरी धरू शकतो, किंवा चारपाच लहान संस्थांचे काम एकट्याने पाहू शकतो. पदविका आणि अनुभव ह्यांच्या बळावर सहकारी लेखापरीक्षणाचा मार्ग मोकळा होतो. कायद्याची गोडी लागली, तर वकिलीही दूर नाही.

बिले काढण्याचे काम आता संगणक करतो आणि दारावरची नोंद मोबाईलवर होते. तेव्हा केवळ बिले लिहिण्यावर जो विसंबून राहील, त्याची नोकरी जाणार, हे स्पष्ट आहे. परंतु जुन्या इमारतींचा पुनर्विकास, जमिनीचे मानीव अभिहस्तांतरण, शेजाऱ्यांतील तंटे, मृत सभासदाच्या वारसांची नोंद ही कामे यंत्र करू शकत नाही. पुनर्विकासाच्या करारात एक कलम चुकले तर शंभर कुटुंबे वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात कुजतात. ते कलम वाचणारा, समितीस वेळीच सावध करणारा आणि सभेपुढे कागद उघडे ठेवणारा माणूस पुढील काळात अधिकच लागणार आहे.

ह्या धंद्याची काळी बाजूही तरुणांनी ओळखून असावे. ह्या कामास आज परवान्याची सक्ती नाही. त्यामुळे कोणीही व्यवस्थापक होतो आणि पगार खाली ओढला जातो. मोठ्या संकुलांतील कामे कंत्राटदार कंपन्यांकडे जातात, आणि माणूस एका इमारतीत रुळतो न रुळतो तोच त्यास दुसरीकडे धाडले जाते. समिती बदलली की जुन्या व्यवस्थापकावर नव्या समितीचा रोष होतो. म्हणून नेमणूकपत्र लेखी घ्यावे. कामाची यादी आणि वेळ त्यात नमूद करून घ्यावी. भविष्यनिर्वाह निधीविषयी पहिल्याच दिवशी विचारावे. आणि रोख रक्कम पावतीवाचून हाती घेऊ नये. लाच घेणारा व्यवस्थापक पुष्कळ कमावतो हे खरे. पण आपला तरुण त्यात सापडला, तर लोक त्या एकट्यास दोष देऊन थांबत नाहीत, साऱ्या समाजावर बोट ठेवतात. हा न्याय नव्हे. पण हा अनुभव आहे.

काही सुशिक्षित मंडळी मला म्हणतात, ‘वकीलसाहेब, आपल्या मुलांनी जिल्हाधिकारी व्हावे, न्यायाधीश व्हावे, सोसायटीची कारकुनी त्यांना कशाला सांगता?’ त्यांनी जरूर जिल्हाधिकारी व्हावे. परंतु जिल्हाधिकारी जिल्ह्यास एकच असतो, आणि गृहनिर्माण संस्था गल्लोगल्ली आहेत. सत्ता केवळ मंत्रालयात नांदत नाही. ती कचेरीच्या टेबलावर, किल्ल्यांच्या जुडग्यात आणि नोंदवहीच्या पानावरही नांदते. ज्या समाजास शतकानुशतके पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले, त्याचा मुलगा आज एखाद्या इमारतीच्या पाण्याचे वेळापत्रक ठरवितो आणि ते सर्वांना सारखे ठरवितो, ह्यात कमीपणा कसला?

‘सर्वांना सारखे’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहितो. नोंदवही आपल्या हाती आली, म्हणजे आपली परीक्षा सुरू होते. आपल्या बहुसंख्येच्या इमारतीत एखादे मुसलमान कुटुंब, एखादी एकटी राहणारी स्त्री अथवा आपल्याहून खाली मानल्या गेलेल्या जातीचा माणूस अर्ज घेऊन आला, तर त्यास पोच मिळाली पाहिजे. ती मिळाली नाही, तर बडोद्याच्या त्या जिन्यावर काठ्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांत आणि आपल्यात काय अंतर राहिले?

वाचक बंधुभगिनींनो, आपण आपल्या विहारात धम्मवर्ग चालवितो; त्याच्याच जोडीस आठवड्यातून एक सायंकाळ सहकार कायद्याच्या अभ्यासास द्या. आपल्या वस्तीतील दोन मुलगे आणि दोन मुली निवडा आणि त्यांस सी. एच. एम. च्या परीक्षेस बसवा. शुल्क वर्गणीतून भरा. स्वतः सभेस जा, हिशेब मागा, पैसे दिले तर पावती घ्या आणि अर्ज दिला तर पोच घ्या. घर मिळविण्याचा लढा आपण पुष्कळ ठिकाणी जिंकला आहे. ते घर सांभाळण्याचे शास्त्र आता शिकले पाहिजे.