नवा टीव्ही आणि माळ्यावरचा ॲम्प्लिफायर



मागच्या वेळी प्रेशर कुकरच्या रबराविषयी लिहिले होते. यावेळचा विषय बाहेरच्या खोलीतला आहे आणि तो पुरुषमंडळींचा समजला जातो, म्हणून मुद्दाम घेते आहे. टीव्हीला डबी किंवा स्टिक लावून चित्रपट-मालिका बघण्याची सोय आता पुष्कळ घरांत झाली आहे. चित्र झकास दिसते. आवाजाचे मात्र रडगाणे असते. तो आवाज कोणत्या तारेने कुठे न्यावा, एवढाच आजचा प्रश्न.

आमच्या सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या आठ वर्षांच्या होत्या आणि नागपूरला वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षा समारंभाला गेल्या होत्या. गर्दीत बाबासाहेब धड दिसले नाहीत, पण भोंग्यातून आवाज ऐकू आला, हे त्या आजही नातवंडांना सांगतात. श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही २०१४ सालची दहा भागांची मालिका आम्ही रविवारी दुपारी सगळे मिळून बघायला सुरुवात केली. सचिन खेडेकर यांनी त्यात बाबासाहेबांची भूमिका केली आहे. पहिले दोन भाग सासूबाई बसल्या. तिसऱ्या रविवारी मध्येच उठल्या आणि स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या. मी विचारले तर म्हणाल्या, "सूनबाई, माणसं दिसतात, पण काय बोलतात ते कळत नाही. तुम्ही बघा."

आम्हाला वाटले, कान गेले. डॉक्टरांकडे नेले. तपासणी करून ते म्हणाले, वयाच्या मानाने कान ठीक आहेत, यंत्राची गरज नाही. मग हसून म्हणाले, "यंत्र टीव्हीलाच लावा."

ते थट्टेने बोलले, पण खरे तेच होते. पूर्वीचा डब्यासारखा टीव्ही जाड असायचा आणि त्याचा स्पीकर समोर, आपल्याकडे तोंड करून असायचा. आताचा टीव्ही पाटीसारखा पातळ. त्यात मोठा स्पीकर मावत नाही. जे दोन छोटे बसवतात त्यांचे तोंड बहुधा खाली किंवा मागे भिंतीकडे असते. म्हणजे बोलणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बोलतो आणि आपण पाठीमागे बसून ऐकतो. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येते, शब्द मात्र तसेच पुसट राहतात.

आमचे हे दुकानात गेले. दुकानदाराने सांगितले, जुने काही चालणार नाही, सगळा संच नवा घ्या. त्याने सांगितलेली किंमत मुलीच्या वसतिगृहाच्या हप्त्याएवढी होती, आणि ते पैसे त्याच हप्त्यासाठी बाजूला काढलेले होते. मी म्हटले, आधी माळा बघू.

माळ्यावर १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी घेतलेला ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर होते. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट त्याच्यावर किती वाजल्या असतील याचा हिशेब नाही. कॅसेटचा डेक केव्हाच भंगारात गेला, ॲम्प्लिफायर मात्र धडधाकट होता. धूळ पुसून लावला तर दिवा लागला.

आता मुख्य गोष्ट. दुकानात जाण्यापूर्वी तिन्ही वस्तू फिरवून त्यांच्या पाठी बघाव्यात आणि कोणाला कोणती भोके आहेत ती कागदावर लिहावीत. आमच्या स्टिकला आवाज बाहेर काढायला फक्त एचडीएमआय. चित्र आणि आवाज दोन्ही त्यातूनच टीव्हीत जातात. ॲम्प्लिफायरला फक्त लाल-पांढऱ्या गोल पिनांची जागा. दोघांची थेट सोयरीक होत नाही. म्हणून आवाज टीव्हीतूनच बाहेर काढावा लागणार. टीव्हीला त्यासाठी तीनपैकी एखादी वाट असते: हेडफोनचे भोक, ऑप्टिकल किंवा एआरसी लिहिलेले एचडीएमआय. (यातले एकही नसेल तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची डबी स्टिक आणि टीव्हीच्या मध्ये बसते आणि आवाज वेगळा काढून देते. मात्र काही स्वस्त डब्यांमुळे चित्रपटाचे चित्रच अडते, म्हणून ती परत घेण्याच्या बोलीवर घ्यावी.)

हेडफोनचे भोक असेल तर काम सर्वांत स्वस्तात होते. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी तार कोणत्याही रेडिओच्या दुकानात मिळते. आणखी एक सुख म्हणजे आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. ॲम्प्लिफायरला ती तार ऑक्स, टेप किंवा ट्यूनर लिहिलेल्या जागी लावावी. फोनो लिहिलेल्या जागी लावू नये. ती तबकडीच्या अगदी क्षीण आवाजासाठी असते, तिथे टीव्ही जोडला तर आवाज फाटतो.

आमच्या टीव्हीला हेडफोनचे भोक नव्हते. ऑप्टिकल होते, छोटेसे चौकोनी, वर झडप. या तारेतून वीज जात नाही, उजेड जातो. टीव्ही चालू असताना तारेच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला की समजावे टीव्ही आवाज बाहेर पाठवतो आहे. नव्या तारेच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या असतात. त्या न काढताच तार खुपसून "खराब माल दिला" म्हणून दुकानात परत गेलेले लोक मला माहीत आहेत. (त्यातले एक आमच्याच घरातले.) तार काटकोनात मुडपायची नाही, नाहीतर आतला धागा तुटतो.

जुन्या ॲम्प्लिफायरला उजेडाची भाषा कळत नाही, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. काडेपेटीएवढी डबी असते, साधी पाच-सहाशे रुपयांत येते. एका बाजूला ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरे. तिला वीज लागते, ती टीव्हीच्या यूएसबीतून दिली की टीव्हीबरोबर डबीही चालू-बंद होते.

आम्ही जोडले, यूट्यूबवर बुद्धवंदना लावली. खोली भरून आवाज आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळे खूश. आणि शनिवारी रात्री शेजारच्यांना बोलावून चित्रपट लावला तर आवाज शून्य! मध्येच नुसती खरखर. पुन्हा यूट्यूब लावले, ठणठणीत. पुन्हा चित्रपट, मुका. शेजारी चहा पिऊन घरी गेले. ह्यांनी डबी वाईट ठरवली आणि दुसरी आणली. तीही तशीच वागली, तेव्हा मी विचार करायला बसले.

दोष डबीचा नव्हता. यूट्यूबचा आवाज दोन स्पीकरसाठीचा, म्हणजे डावा आणि उजवा असा येतो. टीव्ही तो पीसीएम नावाच्या साध्या रूपात बाहेर पाठवतो आणि ते रूप या डबीला कळते. पैसे भरून बघायच्या सेवांवरच्या पुष्कळ चित्रपटांचा आवाज डॉल्बीचा, पाच स्पीकर आणि एक घुमणारा धरून सहा वाटांचा, बांधून पाठवलेला असतो. टीव्हीने ते गाठोडे न सोडताच पुढे ढकलले तर स्वस्त डबीला ते सोडता येत नाही. उपाय फुकटचा आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड, त्यात डिजिटल आउटपुट, तिथे 'ऑटो' असेल ते काढून 'पीसीएम' करायचे. टीव्ही स्वतःच गाठोडे सोडून डावे-उजवे करून देतो. त्यानेही जमले नाही तर स्टिकच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टिरिओ निवडावे. दुसरी डबी आम्ही परत केली.

एक गैरसोय राहिली, ती सांगितली पाहिजे. ऑप्टिकलमधून आवाज बहुतेक टीव्हींत एकाच पट्टीत बाहेर येतो. रिमोट कितीही दाबा, फरक नाही. ॲम्प्लिफायरची कळ हाताने फिरवावी लागते. आमच्याकडे ते खाते सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. मुले मारामारीचा चित्रपट बघायला लागली की त्या उठून कळ मागे फिरवतात.

ज्यांच्याकडे जुना ॲम्प्लिफायर नाही आणि साउंडबार घ्यायचा आहे, त्यांनी एआरसीची वाट धरावी. ही सोय २००९ पासून एचडीएमआयमध्ये आली. स्टिक टीव्हीच्या एका एचडीएमआयमध्ये, साउंडबार एआरसी लिहिलेल्या दुसऱ्या एचडीएमआयमध्ये. रिमोट एकच पुरतो. पण तार लावून भागत नाही, सेटिंगमध्ये सीईसी चालू करावे लागते, आणि प्रत्येक कंपनीने त्याचे नाव वेगळे ठेवले आहे: सॅमसंगमध्ये ॲनिनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. दुकानदार म्हणेल की ॲटमॉस आवाजाला ईएआरसीवाला महाग टीव्हीच लागतो. ब्ल्यू-रे तबकड्यांवरच्या अस्सल आवाजाला तो लागतो. स्टिकवरच्या सेवांचा ॲटमॉस मात्र डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि टीव्हीने तो पुढे जाऊ दिला तर साध्या एआरसीतूनही जातो. ऑप्टिकलमधून जात नाही, एवढे लक्षात ठेवावे.

एचडीएमआयवाला जुना पाच स्पीकरचा संच असेल तर स्टिक आधी संचात आणि मग टीव्हीत अशी जोडणी सुचते. पण पुष्कळ जुने संच फोर-के चित्र पुढे जाऊ देत नाहीत. तेव्हा स्टिक टीव्हीतच ठेवावी आणि आवाज ऑप्टिकलने संचात आणावा. अशा संचाला डॉल्बीचे गाठोडे सोडता येते, म्हणून तिथे पीसीएम करू नये. सहा वाटांपैकी मधली वाट मुख्यतः बोलण्याची असते. मधला स्पीकर टीव्हीखाली समोर ठेवून त्याचा आवाज थोडा वाढवला तर ज्येष्ठांना शब्द लगेच कळतात.

ब्लूटूथने तार वाचते, पण आवाज जरा मागून येतो. ओठ आधी हलतात. गाण्यांना चालेल, भाषणाला नाही. आणि सोन्याच्या मुलाम्याची महाग एचडीएमआय तार घेऊ नये. तारेतून आकडे जातात, ते पोचले की पोचले.

आमच्या वस्तीतल्या विहारातही वर्षावासात भन्तेजींची देसना टीव्हीवर लावतात, तिथे हेडफोनच्या भोकातून तार काढून सभेच्या ॲम्प्लिफायरच्या माइकच्या जागी लावली होती. आवाज फाटून यायचा आणि सतत हूं हूं व्हायचे. तार ऑक्सला लावल्यावर फाटणे थांबले. घूं घूं वीज आणि जमिनीच्या जोडणीमुळे होती, ती ऑप्टिकल आणि डबी लावल्यावर गेली, कारण उजेडाच्या तारेत तांबे नाही. सभेच्या ॲम्प्लिफायरला एकच पिन लागते. म्हणून लाल किंवा पांढरी यांतली एकच लावू नये, अर्धा आवाज जातो. आणि दोन्ही तारा नुसत्या पिळून एकत्रही करू नयेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून प्रत्येक तारेत हजार ओहमचा एक रेझिस्टर घालून जोड करून घ्यावा. दहा मिनिटांचे काम आहे.

'संविधान' आम्ही पुन्हा पहिल्या भागापासून लावली. सासूबाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. भाग संपल्यावर म्हणाल्या, "मागच्या वेळी हे एवढं बोलले होते होय?"

आपापल्या घरातली अडचण अवश्य कळवा. पत्रासोबत टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्या मागच्या बाजूचे फोटो जोडावेत. नुसते "आवाज येत नाही" एवढे लिहिले तर मला इथे बसून काही सांगता येत नाही.