दूरची उमेदवारी आणि जवळचा उकिरडा

'उमेदवारी' हा शब्द आता बहुधा निवडणुकीपुरताच उरला आहे. आमच्या लहानपणी इंदूरच्या मराठी घरांतून तो निराळ्याच अर्थाने कानी पडे. अमक्यांचा मुलगा कचेरीत उमेदवारी करतो, म्हणजे तो पगार न घेता कारकुनांच्या शेजारी बसतो, नकला उतरवितो, टपाल नोंदवितो, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहतो. आमच्या आजोबांनी होळकरांच्या राज्यात अशी दोन वर्षे काढली होती. त्या दोन वर्षांत हाती दमडी आली नाही; पण कागद वाचावा कसा आणि कोणत्या कागदावर विश्वास ठेवू नये हे कळले, असे ते सांगत.

हे सारे आठवण्याचे कारण आमची भाची. रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन ती आमच्याकडे राहावयास आली आणि गेल्या पावसाळ्यात तिने घरातल्या घरात अशीच एक उमेदवारी पत्करली. या उमेदवारीला आता 'इंटर्नशिप' म्हणतात. संस्था परदेशातील, वरिष्ठ जर्मनीत, काम आफ्रिकेतील एका शहराचे, आणि काम करणारी मुलगी इंदुरात, माळ्याच्या खोलीत, संगणकापुढे. मुदत सहा महिन्यांची, वेतन नाही, अखेरीस प्रमाणपत्र. आमच्या मातोश्रींनी पहिल्याच दिवशी विचारले, "पगार नाही, कचेरी नाही, साहेबाचे तोंड दिसत नाही, मग ही उमेदवारी की उपासना?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु तो आमच्या मनात रुतून बसला.

असे काम करणारी ती एकटी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक संघटनेने २००० सालीच घरबसल्या सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी सोय केली होती. २०२० साली महामारीने कचेऱ्या बंद पाडल्या, तेव्हा ही रीत सर्वत्र पसरली. हवामानबदलाच्या कामात तर ती विशेष रुजली. कारण त्या कामाचा मोठा भाग आकडे तपासण्याचा आणि अहवाल लिहिण्याचा असतो. भोपाळ, बडोदे, नागपूर, हैदराबाद, कोठूनही ते करता येते. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज एखादे मूल दार लोटून अशाच कामात गढलेले असेल. म्हणून हा विषय आम्ही आज येथे घेत आहोत.

भाचीचे काम थोडक्यात असे. त्या शहरातील भाजीबाजाराचा कचरा पूर्वी खड्ड्यांत दाबून टाकीत. दाबलेल्या कचऱ्यास हवा मिळत नाही; तो आतल्या आत कुजतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. एका शतकाच्या मापाने पाहिले तर वजनास वजन हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तोच कचरा मोकळ्या ढिगांत रचला, ओला राखला आणि वेळोवेळी उलटला, तर हवेच्या साहाय्याने त्याचे खत होते आणि मिथेन फारच थोडा निघतो. जो वायू निघाला असता पण निघाला नाही, त्याचा हिशेब करावयाचा. एका टनाच्या बचतीला एक 'कार्बन क्रेडिट' मिळते आणि ते विकता येते. १९९७ च्या क्योतो करारापासून ही कल्पना रूढ झाली आणि २०१५ च्या पॅरिस करारातही तिला स्थान मिळाले. विकत घेणारा आपल्या धुराच्या खात्यात ते वजा टाकतो. म्हणजे येथे बचत खोटी ठरली, तर तिकडचा धूर मात्र खराच राहतो. सारी मदार नोंदवहीवर असते, आणि ती नोंदवही तपासणे हेच आमच्या भाचीकडे सोपविलेले काम होते.

दर आठवड्यास प्रत्येक ढिगाचे तापमान, ओलावा आणि तो उलटला की नाही याची नोंद येई. एके दिवशी तिने कौतुकाने आम्हांस तक्ता दाखविला. "मामा, किती नीटनेटके काम आहे पाहा. अकरा आठवडे तापमान ६१ अंश, आणि प्रत्येक आठवड्यास ढीग उलटल्याची नोंद." आम्हीही मान डोलावली. खताचा ढीग तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि आम्ही पाहिला असला तरी नाकास रुमाल लावून!

आमचे एक बालमित्र राऊजवळ शेती करतात. रविवारी आम्ही तिला त्यांच्याकडे घेऊन गेलो. हेतू खताचा नव्हे, हुरड्याचा होता. परंतु त्या सकाळी त्यांच्याकडे ढीग उलटण्याचे काम चालू होते. फावड्याने वरचा थर सरकविताच आतून वाफ उसळली. मित्राने ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवली होती, ती ओढून त्यांनी भाचीस म्हटले, "पोरी, हात लाव, पण जपून." तिने बोट लावले आणि झटकन मागे घेतले. शेजारच्या, आदल्या सायंकाळी उलटलेल्या ढिगातील सळई मात्र कोमट होती. मित्र म्हणाले, "उलटला की हा निवतो, मग पुन्हा तापतो. जसजसा पिकत जातो तसतसा कमी तापतो. शेवटी गार पडला की खत झाले."

परतीच्या वाटेवर मुलगी गप्प होती. घराशी आल्यावर म्हणाली, "मामा, उलटल्यावर जो ढीग निवत नाही आणि अकरा आठवड्यांत जो पिकत नाही, तो ढीग नव्हे; तो नुसता आकडा आहे."

आता आमचीच चूक सांगावयाची. आम्ही तिला गप्प बसण्याचा सल्ला दिला. आपण उमेदवार, तेही बिनपगारी. प्रमाणपत्र अजून हाती यावयाचे. मोठ्या संस्थेच्या कामात खोट काढून नसती आपत्ती कशास ओढवून घ्यावी? हे व्यवहारज्ञान आमच्या तोंडून सहज निघाले, याची आज लाज वाटते. जेवणाच्या पानावर मातोश्रींनी ते ऐकले आणि एवढेच म्हणाल्या, "जे खोटे आहे असे कळले त्याच्याखाली सही करायची, तर मग शिकवले कशाला तिला?" त्यापुढे आम्हांस बोलता आले नाही.

तिने त्या रात्री पत्र लिहिले. आरोप केला नाही. उलटलेल्या ढिगाचे तापमान उतरावयास हवे, नोंदीत ते उतरलेले दिसत नाही, तरी प्रत्यक्ष पाहणी व्हावी, एवढेच कळविले. नऊ दिवस उत्तर आले नाही. ते नऊ दिवस घरात जड गेले. मग कळले की तेथील एकुलता एक तापमापक मोडला होता. नवा मागविण्याची कोणाची छाती झाली नाही, म्हणून मुकादम जुनाच आकडा पुढे लिहीत गेला होता. लबाडी म्हणावी की लाचारी, कोण सांगणार? नवे तापमापक गेले आणि ते अकरा आठवडे बचतीच्या हिशेबातून वगळले गेले. अहवाल छापून आला. त्यात आमच्या भाचीचे नाव कोठेही नव्हते. प्रमाणपत्र मात्र वेळेवर आले.

या प्रसंगानंतर आम्हांस एका जुन्या गोष्टीची प्रकर्षाने आठवण झाली. ती आपल्या इंदूरचीच आहे. पण घरचे म्हणून आपण ती विसरलो आहो. आज जेथे कृषी महाविद्यालय आहे, तेथे १९२४ साली सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था उभी केली. जमीन होळकर दरबारने दिली. मोठा खर्च न करता शेतकऱ्यास खत कसे मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचावे, पाणी शिंपावे, तीनदा उलटावे, आणि सुमारे तीन महिन्यांत खत काढावे, अशी पद्धत त्यांनी येथे वर्षानुवर्षे करून पाहिली. जगाच्या शेतीग्रंथांत ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावरचे पुस्तक निघाले; त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत, आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ. आडनाव आपल्या कानांस परके नाही. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरास आले, तेव्हा त्यांनीही ही संस्था मुद्दाम पाहिली.

पुस्तक निघाले त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. त्यानंतर ही पद्धत देशोदेशी गेली, ती पुस्तकाच्या आणि पत्रांच्या आधारे. मळेवाले लिहीत, आमच्याकडे पाऊस असा, पालापाचोळा असा. हॉवर्ड घरून उत्तर देत. १९३३ साली केनियात नैरोबीजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात ढीग रचले गेले. चहाच्या मळ्यांनीही ती उचलली. दूर बसून परक्या देशातील ढिगाची काळजी वाहण्याचे काम इंदूरच्या नावाने नव्वद वर्षांपूर्वीच चालू झाले होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्या पत्रांस वजन होते, याचे कारण लिहिणाऱ्याने इंदूरच्या खड्ड्यात स्वतः हात घातला होता. तापमापक मोडला असता तरी उलटलेला ढीग निवतो हे त्यांस कोणी सांगावे लागले नसते.

आमचे म्हणणे एवढेच. दूरचे काम खोटे नसते आणि हलकेही नसते. परंतु ज्याने जवळचा ढीग पाहिला नाही, त्याला दूरच्या ढिगाचा आकडा वाचता येत नाही. आणि जवळचा ढीग पाहावयास इंदूरकरांस दूर जावे लागत नाही. सकाळी गाणे वाजवीत दाराशी येणारी गाडी आपला ओला कचरा देवगुराडियास नेते; तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसास ५५० टन ओला कचरा पचविण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या कचऱ्यापासून निघणाऱ्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालाव्या, अशी ही योजना आहे. आपल्या महापालिकेनेही कार्बन क्रेडिट विकून पैसा मिळविला आहे. म्हणजे आपल्या नोंदवह्याही कोठेतरी दूरवर कोणी तपासतो. त्याने आपल्याकडच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असे आपण म्हणू काय? आपल्या घरातून ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी गेली, तर तोही त्या वहीतला एक खोटा आकडाच होय.

ज्यांच्या घरी अशी उमेदवारी चालू आहे किंवा होऊ घातली आहे, त्यांस दोन शब्द सुचवावेसे वाटतात. मुलांस हिणवू नये. दार लोटून बसलेले मूल रिकामे बसलेले नसते. परंतु वडीलधाऱ्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावे. काम किती तासांचे आणि किती दिवसांचे, हे लेखी आहे काय? शिकविणारा कोणी माणूस आहे, की नुसते काम करून घेणारा? केलेल्या कामावर नाव लागणार काय? आणि शंका आली तर ती विचारण्यास वाव आहे काय? वेतन नसलेल्या कामातही वेतनाइतके काही हाती पडावे लागते. नाही तर ती उमेदवारी नव्हे, वेठ होय. ज्या घरास मुलाच्या मिळकतीची गरज आहे, त्याने बिनपगारी कामास नकार दिला तर त्यात कमीपणा नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांस एवढेच सांगावे की, महिन्यातून एक दिवस तरी ज्या वस्तूविषयी लिहिता ती वस्तू पाहून या. ढीग असो, चूल असो, की झाड असो.

वाडांचे नाव त्या पुस्तकावर आले, कारण वरिष्ठाने ते घातले. आमच्या भाचीचे नाव आले नाही. याचे तिला वाईट वाटले नाही असे नाही. पण परवा तिनेच आमची समजूत घातली. "मामा, त्या अहवालात माझे नाव नाही, पण ते अकरा आठवडेही नाहीत ना!"

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, असे आपल्याकडे म्हणतात. इंदूरच्या उकिरड्याचे ते शंभर वर्षांत दोनदा पालटले. आता अंगणात तुळशीपलीकडे भाचीने एक लहानसा ढीग रचला आहे, त्यात एक सळई खुपसलेली असते, आणि रोज सकाळी मातोश्री काठी टेकीत जाऊन तीस हात लावून येतात. कालच्यापेक्षा आज निवला आहे की तापला आहे, हे त्या चहाच्या वेळी सर्वांस सांगतात, आणि भाची ते वहीत लिहून घेते.