खिडकीतली माळ



या वेळचा विषय तुम्हाला अगदी किरकोळ वाटेल: लहान मुलांच्या खोलीतले पडदे. सहा महिन्यांपूर्वी मलाही तो किरकोळच वाटत होता.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही धारवाडातून बेलूरला राहायला आलो. हायवे जवळ असल्यामुळे रात्री ट्रकचे दिवे भिंतीवरून फिरत राहतात. लेकीच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, त्यामुळे दुपारी झोप लागते न लागते तोच ऊन डोळ्यांवर येई. मग ती जागी, आणि तिच्याबरोबर सगळं घर जागं. मी पडलो इंजिनिअर. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये असतो तसा रोलर ब्लाइंड आणला आणि बसवला. मण्यांची साखळी ओढली की वर, ओढली की खाली. धूळ कमी, काम चोख. बायको एवढंच म्हणाली, "चांगला आहे, पण खोली दवाखान्यासारखी दिसते." मी ते हसण्यावारी नेलं.

फेब्रुवारीतला एक रविवार. दुपारी मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. घरात तान्हं-रांगतं मूल असताना फार शांत झालं, तर उठून बघावं हे आता कळतं. मी उठलो. लेक खिडकीला लावलेल्या पलंगावर उभी होती. साखळीचा फास गळ्यात घातलेला, आणि मला बघून टाळ्या वाजवत म्हणते, "बाबा, माळ!" तिचं एक पाऊल पलंगाच्या अगदी कडेला होतं.

मी ती माळ काढली, तिला उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. काहीही झालं नाही, असं मी त्या रात्री बायकोला तीनदा सांगितलं. तिला म्हणण्यापेक्षा स्वतःलाच सांगत होतो.

मग वाचायला बसलो. या वयात मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. फासात मान अडकून पाय घसरला, तर मोठ्या माणसासारखं त्याला स्वतःला वर उचलून घेता येत नाही. श्वासनलिका मऊ असल्यामुळे ती पटकन दबते आणि मूल ओरडूही शकत नाही. अपघात टाळण्यासाठी काम करणारी ब्रिटनमधली 'रोस्पा' ही संस्था सांगते की अवघ्या १५ सेकंदांत मूल बेशुद्ध होऊ शकतं आणि दोन-तीन मिनिटांत जीव जाऊ शकतो. अशा बहुतेक दुर्घटना १६ ते ३६ महिन्यांच्या मुलांच्या बाबतीत होतात, आणि त्याही झोपायच्या खोलीत. माझी लेक तेव्हा २३ महिन्यांची होती. अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासूनच्या मानकानुसार दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडना मुलाच्या हाती लागेल अशी दोरी चालत नाही. मी मात्र ब्लाइंड घेताना फक्त रंग आणि किंमत विचारली होती.

सोमवारी सकाळी ब्लाइंड काढला. ज्यांना लगेच काढता येणार नाही त्यांनी निदान एवढं करावं. साखळी ताणून धरणारी क्लिप भिंतीला स्क्रूने घट्ट बसवावी, म्हणजे फास सैल लोंबत नाही. सुटी दोरी असेल तर ती जमिनीपासून पाच फुटांच्या वर गुंडाळून ठेवावी. आणि पलंग, खुर्ची, खेळण्यांचं खोकं यांपैकी काहीही खिडकीखाली ठेवू नये. आमचा पलंग त्याच दिवशी समोरच्या भिंतीला गेला.

आता खिडकीला लावायचं काय? बेळगावहून आई आली होती. ती म्हणाली, "आपल्याकडे खिडकीला जुनं लुगडंच असायचं की." तिने ट्रंकेतून माझ्या आजीचं सुती इरकल काढलं. अंग गडद निळं, काठ लाल. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात घेतल्यावर जुन्या गोधडीचीच आठवण यावी.

पण ऑफिसात आम्ही टेस्टिंगशिवाय काही बाहेर सोडत नाही, तेव्हा इरकलचीही परीक्षा घेतली. ओला पांढरा रुमाल काठावर घासून पाहिला, कारण आमची मंडळी हाताला लागेल ते चघळतात. रंग उतरला नाही. एकट्या लुगड्याने ऊन अडणार नव्हतं, म्हणून अस्तर शोधलं. बेलूरजवळचं गरग आणि हुबळीतलं बेंगेरी ही दोन्ही गावं राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी प्रसिद्ध. मीही धारवाडच्या खादी भांडारातून जाड सुती कापड घेतलं. शिवायच्या आधी ते रात्रभर पाण्यात भिजवलं, नाहीतर पहिल्या धुण्यातच पडदा वीतभर वर गेला असता.

शिंप्याला मापं दिली. रुंदी खिडकीच्या दुप्पट, म्हणजे चुण्या पडतात आणि कडेने उजेड कमी शिरतो. लांबी चौकटीच्या खाली सहा इंच, बस्स. जमिनीपर्यंत लोळणारा पडदा दिसतो छान, पण मूल त्यात पाय अडकून पडतं किंवा त्याला लोंबकळतं. वर हुक नकोत, कारण निघालेला हुक आधी तोंडात जातो. सरळ नेफा शिवायचा आणि त्यातून दांडी घालायची. पडदा बांधून ठेवायला दोरी किंवा गोंडेही नकोत. त्याऐवजी वरच्या बाजूला वेलक्रोची छोटी पट्टी. सगळं ऐकून शिंपी हसला आणि म्हणाला, "सर, इष्टु साकु?" म्हणजे एवढं पुरे ना? मी म्हटलं, पुरे.

दांडी बसवताना भिंतीत लांब स्क्रू आणि पक्के प्लग घेतले, आणि बसवल्यावर मी स्वतः पडदा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. डास पळवायचं लिक्विडचं मशीन पडद्याच्या मागच्या सॉकेटमध्ये होतं, ते दुसऱ्या भिंतीला नेलं. गरम होणारी वस्तू आणि कापड शेजारी नको. हायवेची धूळ असल्यामुळे पडदा दर पंधरा दिवसांनी निघतो. इकडच्या पावसाळ्यात कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि दमट कापडाला बुरशी धरते, म्हणून दुसरा साधा जोडही शिवून ठेवलाय.

खोलीत अगदी काळोख होत नाही, हे खरं. पण ट्रकचे दिवे आता भिंतीवर फिरत नाहीत आणि दुपारी निळसर सावली पडते. लेक दीड तास झोपते. उठली की पडद्याआड तोंड लपवते आणि लाल काठाखालून "भोऽऽ" करते. तिने पणजीला पाहिलेलं नाही, पण तिच्या लुगड्याशी तिची चांगली गट्टी जमली आहे.

मंडळी, एक विनंती. पडदा निवडताना आपण उभे राहून बघतो. आज घरी गेल्यावर मुलाच्या खोलीत पाच मिनिटं जमिनीवर बसा आणि त्याच्या उंचीवरून खिडकीकडे बघा. हाताला काय लागतं, गळ्यात काय अडकेल, कशावर चढता येईल, ते तिथूनच दिसतं. मी ते ब्लाइंड बसवण्याच्या आधी करायला हवं होतं.

भेटू पुढच्या अंकात.