जिहाद : धातु, रूढि आणि अधिकार

आमच्या एका वाचकभगिनींनीं पत्रद्वारें कळविलें आहे कीं, घरांत दुपारच्या पंक्तीस वर्तमानपत्रांतील एखादी बातमी निघाली म्हणजे ‘जिहाद’ या शब्दावरून वडील मंडळी व कॉलेजांत जाणारीं नातवंडें यांच्यांत हटकून खटका उडतो. एक पक्ष म्हणतो, जिहाद म्हणजे परधर्मीयांची कत्तल, दुसरें कांहीं नाहीं. दुसरा म्हणतो, छे! त्याचा अर्थ केवळ मनोनिग्रह. बाकी सारा विपर्यास. यांतील खरें कोणतें तें या सदरांत सांगावें, अशी त्यांची सूचना आहे. ज्या शब्दासाठीं माणसें मरतात आणि मारतात, तो शब्द सुशिक्षित कुटुंबांत तरी नीट समजून मग उच्चारला जावा, म्हणून आम्ही हा विषय हातीं घेत आहों.

प्रथम धातूकडे वळूं. शाळामास्तराची खोड जात नाहीं. संस्कृताप्रमाणें अरबींतही शब्द धातूपासून सिद्ध होतात. मात्र तेथील धातु बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ज-ह-द या धातूचा अर्थ श्रम करणें, शिकस्त करणें. त्याचा पहिला स्वर दीर्घ केला म्हणजे ‘जाहद’ असें रूप होतें, आणि समोर कोणी तरी प्रतिपक्ष असल्याची छटा अर्थांत येते. त्या रूपाचें भाववाचक नाम तें जिहाद, आणि तसें करणारा तो मुजाहिद. याच धातूपासून ‘इज्तिहाद’ हा शब्द निघाला आहे. स्पष्ट वचन नसतां पंडितानें बुद्धि झिजवून धर्मनिर्णय काढणें, असा त्याचा अर्थ. म्हणजे एकाच धातूचीं दोन अपत्यें. एक रणांगणावर गेलें, दुसरें पोथीपुढें बसलें. प्रत्यक्ष लढाईला अरबींत ‘किताल’ व ‘हर्ब’ असे निराळे शब्द आहेत, आणि कुराणांतही ते येतात.

याहून नवलाची गोष्ट अशी कीं, कुराणाच्या एकतिसाव्या, लुकमान नांवाच्या अध्यायांत हेंच क्रियापद अनेकेश्वरवादी आईबापांना लाविलें आहे. मुलानें एकेश्वरमत सोडावें म्हणून आईबापांनीं कितीही आटापिटा केला, तरी त्या एका बाबतींत त्यांचें ऐकूं नये, पण संसारांत त्यांच्याशीं भलेपणानेंच राहावें, असा तेथें उपदेश आहे. तो आईबापांचा आटापिटा म्हणजे जिहादाच्याच धातूचें रूप!

परंतु केवळ धातूनें अर्थ ठरत नाहीं, हें संस्कृत शिकलेल्यास नव्यानें सांगणें नको. चिखलांत जन्मतें तें पंकज. पण म्हणून बेडकास कोणी पंकज म्हणत नाहीं. अशा शब्दास आपण योगरूढ म्हणतों. तद्वत् इस्लामी धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘जिहाद’ म्हणून जें प्रकरण असतें तें उघडलें, तर तेथें मनोनिग्रहाचा उपदेश नसून युद्ध, तह, लूट, कैदी आणि कर यांचे नियम सांपडतात. तेव्हां ‘जिहाद म्हणजे नुसता प्रयत्न’ असें सांगून नातवंडांनीं आपली सुटका करून घेऊं नये. आणि त्या प्रकरणांतील नियम न वाचतां आजोबांनींही केवळ मथळ्यावरून निकाल देऊं नये.

हे नियम कसे घडले तें पाहण्यास थोडा इतिहास पाहिजे. महंमद पैगंबरांनीं इ. स. ६१० च्या सुमारास मक्केंत उपदेशास आरंभ केला. तेथील बारातेरा वर्षांत छळ पुष्कळ झाला, पण शस्त्र उचलण्याची परवानगी नव्हती. त्या काळच्या ‘फुर्कान’ अध्यायांत मोठा जिहाद करण्याची आज्ञा आहे, आणि त्याचें साधन म्हणून टीकाकार कुराणच सांगतात. म्हणजे तो वाणीचा जिहाद. ६२२ मध्यें मदिनेस स्थलांतर झाल्यावर, ज्यांच्यावर अन्याय झाला व ज्यांस घरांतून हांकलून दिलें त्यांस लढण्याची मोकळीक मिळाली. ६२४ मध्यें बद्रची लढाई झाली. जे लढतात त्यांच्याशीं लढावें व मर्यादा ओलांडूं नये, असें एके ठिकाणीं आहे. आणि ‘तौबा’ नांवाच्या नवव्या अध्यायांत अनेकेश्वरवाद्यांविषयीं, तसेंच यहुदी व ख्रिस्ती यांच्याविषयीं, अधिक कठोर आज्ञा आहेत. या दोहोंचा मेळ कसा घालावा? कित्येक शास्त्रकार म्हणाले, मागाहूनची आज्ञा पूर्वीचीस रद्द करिते. दुसरे म्हणाले, प्रत्येक आज्ञा आपापल्या प्रसंगापुरती. सामान्य विधि व विशेष विधि यांचा आपल्या मीमांसकांचा वाद ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हें दुखणें ओळखीचें वाटेल. आजचे बहुतेक झगडे याच फांट्यापासून सुरू होतात.

पैगंबरांच्या आठवणी ज्यांत संग्रहित आहेत त्या हदीसग्रंथांत या शब्दाचीं आणखीही रूपें दिसतात. एक तरुण जिहादास जाण्याची अनुज्ञा मागूं लागला, तेव्हां तुझे आईबाप हयात आहेत काय, असें त्यास विचारण्यांत आलें. आहेत म्हणतांच, त्यांच्या सेवेंतच तुझा जिहाद कर, असें सांगून त्यास परत पाठविलें. पत्नी आयेशा यांना स्त्रियांचा श्रेष्ठ जिहाद म्हणजे निर्दोष हजयात्रा, असें उत्तर मिळालें. जुलमी राजापुढें न्यायाचा शब्द बोलणें हा श्रेष्ठ जिहाद होय, हेंही एक वचन आहे. सर्वांत प्रसिद्ध वचन मात्र लहान आणि मोठ्या जिहादाचें: रणांगणावरून परतणें म्हणजे लहान जिहादाकडून मोठ्या जिहादाकडे येणें, आणि मोठा जिहाद तो स्वतःच्या वासनांशीं. सूफी संतांस हें वचन अत्यंत प्रिय झालें. आमच्या तुकोबांनींही अंतरांतील झगड्यास युद्धच म्हटलें आहे, तेव्हां आपणांसही तें पटकन् आवडतें. पण येथें सावधगिरी हवी. या वचनाची परंपरा दुर्बळ आहे असें मुसलमान पंडितांनींच दाखविलें असून, चौदाव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेल्या इब्न तैमियानें तें साफ निराधार ठरविलें. वचन सुंदर आहे म्हणून तें प्रमाण ठरत नाहीं. वादांत त्याच्यावर सारा भार टाकणारा मनुष्य लौकरच उघडा पडतो.

आतां धर्मशास्त्राकडे येऊं, कारण खरी मेख तेथें आहे. आठव्या-नवव्या शतकांत, मुसलमानी साम्राज्य सिंधूपासून स्पेनपर्यंत पसरलें असतां, हें शास्त्र लिहिलें गेलें. हनफी संप्रदायाचा शैबानी (मृत्यु ८०५) यानें परराष्ट्रांशीं वागण्याच्या नियमांवर स्वतंत्र ग्रंथरचना केली. या शास्त्रकारांनीं जगाचे दोन भाग कल्पिले: जेथें इस्लामचें राज्य तो दारुल-इस्लाम, इतर तो दारुल-हर्ब म्हणजे युद्धभूमि, कांहींनीं तहानें बांधलेला तिसरा प्रदेशही मानिला. इस्लामचें राज्य वाढविण्यासाठीं आपण होऊन युद्ध करणें यांतील बहुतेकांस मान्य होतें, हें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. शत्रूपुढें तीन वाटा ठेवीत: धर्म स्वीकारा, जिझिया देऊन आपल्या धर्मानें राहा, अथवा लढा. हें चित्र आजच्या न्यायबुद्धीस रुचणारें नाहीं आणि तें रुचेल असें रंगवून सांगण्याची आम्हांस गरजही वाटत नाहीं.

पण त्याच ग्रंथांत बंधनें किती आहेत! स्त्रिया, मुलें, जराजर्जर वृद्ध व मठांतील संन्यासी यांस मारूं नये. आगाऊ आवाहन केल्यावांचून हल्ला करूं नये. केलेला तह पाळावा. एखाद्या सामान्य मुसलमानानें, मग ती स्त्री कां असेना, शत्रूकडील मनुष्यास अभय दिलें तर तें सर्वांवर बंधनकारक. आईबापांच्या संमतीवांचून मुलानें जाऊं नये. कर्जदारानें सावकाराच्या संमतीवांचून जाऊं नये. आणि सर्वांवर कडी म्हणजे, असें युद्ध पुकारण्याचा अधिकार इमामाचा, म्हणजे मान्य राज्यकर्त्याचा. वाटेल त्याचा नव्हे. शिवाय हें कर्तव्य ‘फर्ज किफाया’ प्रकारचें. अविभक्त कुटुंबांत वैश्वदेव एकानें केला म्हणजे सर्वांचा होतो, तशांतला हा प्रकार: पुरेशा लोकांनीं तें केलें कीं बाकीचे मोकळे. केवळ शत्रु दारांत येऊन ठेपला तरच तें ‘फर्ज ऐन’, म्हणजे प्रत्येकाच्या शिरावरचें होतें, आणि मग संमतीचीं बंधनें सुटतात. वाचकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचाच फार दुरुपयोग झाला आहे. भीष्मपर्वांत युद्धापूर्वीं दोन्ही पक्षांनीं नियम ठरविले, आणि सौप्तिकपर्वांत अश्वत्थाम्यानें निजलेल्यांस कापून काढिलें. नियम होते म्हणून अधर्म टळला असें नाहीं. पण नियम होते म्हणूनच त्या कृत्यास अधर्म म्हणतां आलें.

अधिकाराचा हा प्रश्न किती मोलाचा आहे, तें सय्यद अहमद बरेलवी यांच्या चरित्रावरून कळतें. शिखांशीं जिहाद करावयाचा, तर आधीं इमाम पाहिजे. म्हणून १८२७ मध्यें त्यांनीं अनुयायांकडून स्वतःस इमाम म्हणवून घेतलें. १८३१ मध्यें बालाकोट येथें ते पडले. पुढें इंग्रजी अंमलांत हंटरसाहेबानें १८७१ मध्यें पुस्तक लिहून प्रश्न टाकिला कीं, राणीविरुद्ध बंड करणें हिंदी मुसलमानांस धर्मानें भाग आहे काय? त्या सुमारास फतव्यांचा पाऊसच पडला. कोणी म्हणाले, हिंदुस्थान दारुल-इस्लामच आहे, म्हणून येथें जिहाद नाहीं. कोणी म्हणाले, आम्हांस सरकारचें संरक्षण आहे, आणि जयाची आशाही नाहीं, म्हणून जिहाद नाहीं. वाटा निराळ्या, मुक्काम एकच! निजामाच्या नोकरींतील मौलवी चिराग अली यांनीं तर १८८५ मध्यें इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध करून, पैगंबरांचीं सर्व युद्धें बचावाचीं होतीं आणि शास्त्रकारांनींच तो अर्थ ताणला, असें प्रतिपादिलें.

उलट बाजूचा मासला तुर्कस्थानचा. १४ नोव्हेंबर १९१४ रोजीं कॉन्स्टँटिनोपल येथें शेख-उल-इस्लामच्या फतव्यांनिशीं इंग्लंड, फ्रान्स व रशिया यांच्याविरुद्ध जिहाद जाहीर झाला. पुकारणारा प्रत्यक्ष खलिफा. याहून मोठा अधिकारी कोण? पण त्याचे मित्र जर्मनी व ऑस्ट्रिया येथील ख्रिस्ती बादशहा! हजारों हिंदी मुसलमान शिपाई मेसोपोटेमियांत खलिफाच्याच सैन्याशीं लढले. कुतच्या वेढ्यांत आमच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि त्या काळीं त्या पलटणींतून दख्खनी मुसलमानही भरती होत. १९१६ च्या जूनमध्यें तर खुद्द मक्केच्या शरीफानें तुर्कांविरुद्ध उठाव केला.

महाराष्ट्राशीं निकटचा संबंध असलेलें एक नांव येथें घेतलें पाहिजे. अबुल अला मौदूदी यांचा जन्म १९०३ मध्यें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, झाला. डिसेंबर १९२६ मध्यें दिल्लीस स्वामी श्रद्धानंदांचा एका मुसलमानानें खून केला, आणि इस्लामवर देशभर टीकेची झोड उठली. त्यांतून या तरुणानें ‘अल-जिहाद फिल इस्लाम’ हा उर्दू ग्रंथ लिहिला. तो १९३० मध्यें पुस्तकरूपानें निघाला. पुढें ते जमाते-इस्लामीचे संस्थापक व धर्मराज्याचे कट्टे पुरस्कर्ते झाले. त्यांच्या लिखाणाचा पगडा पार मिसर देशापर्यंत पडला, आणि तो पगडा हितकर होता असें आम्हांस वाटत नाहीं. पण १९४८ मध्यें काश्मीरचा प्रसंग आला तेव्हां याच गृहस्थांनीं सांगितलें कीं, पाकिस्तान सरकारचे हिंदुस्थानशीं करारमदार चालू आहेत व त्यानें उघड युद्ध पुकारलेलें नाहीं, तोंवर लपूनछपून चाललेल्या त्या लढाईस जिहाद म्हणतां येत नाहीं. त्यावर मोठा गहजब झाला, आणि त्याच वर्षीं पाकिस्ताननें त्यांस तुरुंगांत घातलें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा अधिकाराचा बांधच फुटला. मिसर देशांत फरज नांवाच्या एका विजेच्या कामांतील इंजिनियरनें ‘विसरलेलें कर्तव्य’ अशा अर्थाच्या नांवाची पुस्तिका लिहून, आपलेच राज्यकर्ते धर्मभ्रष्ट असल्यामुळें त्यांच्याशीं जिहाद करणें प्रत्येकाचें फर्ज ऐन आहे, असा निर्णय दिला. ६ ऑक्टोबर १९८१ रोजीं अध्यक्ष सादत यांचा खून झाला. १९९८ मध्यें ओसामा बिन लादेन यानें अमेरिकनांस, सैनिक असोत वा नागरिक, कोठेंही मारणें हें प्रत्येक मुसलमानाचें कर्तव्य म्हणून जाहीर केलें. तो ना राजा, ना शास्त्री. इमामाची अट गेली, संमतीची गेली, स्त्रियामुलांची गेली. शिल्लक राहिला तो नुसता शब्द आणि त्याचा दरारा. २०१४ मध्यें इराक-सीरियांत स्वतःस खलिफा म्हणविणाऱ्या बगदादीस शंभराहून अधिक मुसलमान विद्वानांनीं लांबलचक खुलें पत्र लिहिलें. त्यांत मोडलेल्या नियमांची यादीच दिली आहे.

इस्लामी शास्त्राप्रमाणें युद्धांत पडलेल्या हुतात्म्यास स्नान घालीत नाहींत. रक्तानें माखलेल्या वस्त्रांतच त्यास मानानें पुरतात. मुंबईंत २६ नोव्हेंबर २००८ रोजीं सुरू झालेल्या हल्ल्यांत १६६ माणसें मेलीं. त्यांत मुसलमानही होते. मारले गेलेले नऊ हल्लेखोर जिहादाचेंच नांव घेऊन आले होते. त्यांचीं प्रेतें पुरण्यास मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानच्या विश्वस्तांनीं जागा नाकारली. असें कृत्य करणारे मुसलमान म्हणवून घेण्यास पात्र नाहींत, असें त्यांनीं सांगितलें. प्रेतें वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारांत पडून राहिलीं. अखेर जानेवारी २०१० मध्यें सरकारनें तीं गुप्त ठिकाणीं पुरून टाकिलीं.