बाई, हे परीक्षेला आहे का?

'एजंट्स ऑफ शील्ड' ही अमेरिकन मालिका १२ ऑगस्ट २०२० रोजी संपली. सात पर्वं, १३६ भाग. मालिका संपली, पण तिच्या चाहत्यांचं एक भांडण काही संपायला तयार नाही. आणि भांडण मालिका चांगली की वाईट यावर नाहीच मुळी. ती 'मोजायची' की नाही, यावर आहे!

या ब्लॉगवर व्याकरण, वाळवणं आणि जुन्या आठवणी वाचायला येणाऱ्या मंडळींना (आणि माझ्या दोन्ही जावांना) वाटेल, आज ही कुठे भरकटली. पण नातवाच्या आग्रहाने मी ही मालिका पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत पाहिली आहे. माझं बी. ए. मराठी माध्यमातलं, अमेरिकन बोलणं कानावरून भुर्रकन जातं, म्हणून खाली अक्षरं लावून पाहिली. त्यामुळे एखादं वाक्य सोडलं असं मुळीच नाही. शिवाय नातवाच्या मित्रांची या विषयावरची वादावादी आमच्याच दिवाणखान्यात होते आणि पोहे मीच करते. तेव्हा मत द्यायचा अधिकार मला आहे, असं मी समजते.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्व्हल या कंपनीने २००८ साली 'आयर्न मॅन' काढला आणि तिथून एकात एक गुंफलेल्या अतिमानवांच्या सिनेमांची माळ सुरू झाली. त्या पहिल्या सिनेमात फिल कोल्सन नावाचा एक सरकारी माणूस होता. सूट, टाय, मवाळ बोलणं, अंगात कुठलीही दैवी शक्ती नाही. क्लार्क ग्रेग या नटाने ती छोटीशी भूमिका इतकी गोड केली, की पुढच्या सिनेमांतही तो येत राहिला. घरात मोठं कार्य असलं की मांडवात मिरवणारे पुष्कळ असतात, पण पाहुण्यांना चहा मिळाला का हे बघणारा एकच असतो. कोल्सन तो माणूस. २०१२ च्या 'द अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये लोकीने त्याला मारलं आणि त्याच्या मरणामुळेच ते भांडखोर वीर एकत्र आले.

चाहत्यांना हे मरण मान्य झालं नाही. 'कोल्सन जिवंत आहे' अशी मोहीमच त्यांनी चालवली. त्याच वर्षी कंपनीने जाहीर केलं की कोल्सन मालिकेत परत येणार. २४ सप्टेंबर २०१३ रोजी एबीसी वाहिनीवर पहिला भाग लागला आणि अमेरिकेत सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी तो पाहिला. जाहिरात अशी, की सिनेमे आणि मालिका सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे.

हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच आहे.

पहिल्या वर्षात चाहते नाराज झाले. पर्वाच्या शेवटी प्रेक्षक निम्म्याहून कमी उरले. तक्रार अशी की काही घडतच नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये 'थॉर'चा दुसरा सिनेमा आला. त्यात लंडनच्या ग्रिनिचमध्ये मोठी पडझड होते. त्याच महिन्यातल्या एका भागाच्या सुरुवातीला आपले एजंट तिथला कचरा गोळा करताना दिसतात. सिनेमाने पसारा करायचा आणि मालिकेने केरसुणी घेऊन मागून जायचं, यावर लोकांनी मनसोक्त थट्टा केली. थट्टा योग्यच होती.

पण सुरुवातीच्या त्या संथ भागांबद्दल माझं मत चाहत्यांपेक्षा वेगळं आहे. एप्रिल २०१४ मध्ये 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर' आला. त्यात उघड झालं, की शील्ड ही संस्थाच आतून हायड्रा या शत्रुसंघटनेने पोखरलेली आहे. हे गुपित फुटेपर्यंत मालिकेला तोंड उघडायची सोय नव्हती. सिनेमा ४ एप्रिलला लागला आणि ८ एप्रिलच्या भागात मालिकेने तेच गुपित घरात आणलं. कोल्सनच्या विमानात सात-आठ महिने सगळ्यांबरोबर जेवणारा, सगळ्यांचे प्राण वाचवणारा ग्रँट वॉर्ड हा हायड्राचा माणूस निघाला. सिनेमात एक संस्था कोसळते, इमारती पडतात, आपण पॉपकॉर्न खात राहतो. मालिकेत घरातला मुलगा उलटतो. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. आणि हे साधलं ते त्या 'काहीच न घडणाऱ्या' सोळा भागांमुळे! माणूस ओळखीचा झाल्याशिवाय त्याचा विश्वासघात लागत नाही. ओळख व्हायला वेळ लागतो. तो वेळ दोन तासांच्या सिनेमाकडे नसतो, मालिकेकडे असतो.

वॉर्डवरून चाहत्यांत उभी फूट पडली. त्याची बाजू घेणारा एक गटच तयार झाला. भावाने छळलेला, गॅरेटने पोरवयात जंगलात एका कुत्र्यासोबत सोडून दिलेला मुलगा, त्याला सुधारायची संधी द्या, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हाताखालून अशी दोन-चार मुलं गेली आहेत. त्यांच्या वागण्याचं कारण समजून घ्यावं, पण कारण समजलं म्हणून गुन्हा माफ होत नाही. मालिकेनेही तेच केलं, हे मला आवडलं.

असो. मूळ भांडणाकडे येते.

मालिका सिनेमाकडे बघत होती, सिनेमा मालिकेकडे बघत नव्हता. कोल्सन जिवंत आहे हे अ‍ॅव्हेंजर्सना सिनेमांत कधीच कळलं नाही. ज्याच्या मरणाने ते एकत्र आले तो माणूस वर्षानुवर्षं जगाला वाचवत फिरतोय आणि यांना पत्ता नाही. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'मध्ये कोल्सन दिसला, पण ती १९९५ सालची गोष्ट, तेव्हाचा तरुण कोल्सन. म्हणजे प्रश्न तसाच राहिला.

याचं कारण कथेत नाही, कचेरीत आहे. सिनेमे करणारा विभाग वेगळा आणि मालिका करणारा वेगळा. आपल्याकडे एकाच आवारात प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन शाळा असतात ना, दोन मुख्याध्यापक आणि घंटा एक, तसं. २०१५ साली केविन फायगी यांचा सिनेमा विभाग जुन्या वरिष्ठांच्या हाताखालून निघून थेट डिस्नेच्या सिनेमा-कारभाराखाली गेला आणि मग घंटाही वेगळी झाली. शेवटी २०१९ च्या अखेरीस मालिकांचा विभाग सिनेमावाल्यांतच विलीन झाला, पण तोवर शील्डच्या शेवटच्या पर्वाचं चित्रण उरकलेलं होतं.

सगळ्यात अवघड प्रसंग आला २०१८ साली. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये थानोस चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव राख होतात. पाचव्या पर्वाच्या शेवटच्या भागांत थानोस येतोय अशी कुणकुण आहे. पण १० मे २०१९ ला सहावं पर्व सुरू झालं तेव्हा कथा एक वर्ष पुढे गेलेली, आणि निम्मं जग नाहीसं झाल्याचा कुणाच्याच तोंडी उल्लेख नाही! इथे चाहत्यांचे दोन तट पक्के झाले. एक म्हणतो, कालप्रवासामुळे ही मालिका वेगळ्या फाट्यावर गेली, म्हणून चुटकी नाही. ती खरीच आहे. दुसरा म्हणतो, कसला फाटा नि काय, सिनेमावाल्यांनी ती सोडून दिली. आता ती मोजू नका. नवीन कुणी 'बघू का' असं विचारलं, की हा दुसरा तट सांगतो, नाही बघितलीस तरी चालेल, पुढच्या सिनेमांना तिचा उपयोग नाही.

हे ऐकलं आणि मला माझा वर्ग आठवला.

चौतीस वर्षं मराठी शिकवलं. मोकळ्या तासाला मी ग्रंथालयातलं एखादं पुस्तक नेऊन वाचून दाखवायची. दहा मिनिटांत मागच्या बाकावरून हात वर यायचा, "बाई, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की अर्ध्या माना खाली. त्या मुलांचा मला राग आला नाही, त्यांच्यावर मार्कांचं ओझं होतं. पण या चाहत्यांवर कुठलं ओझं आहे? करमणुकीचासुद्धा अभ्यासक्रम करायचा आणि बाकीचं ऑप्शनला टाकायचं?

आपल्याकडेही मूळ काय आणि मागाहून घुसडलेलं काय, हा वाद मोठा झाला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून, शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपली लाडकी कथा त्या संहितेतून वगळून परिशिष्टात गेली. संशोधकांनी आपलं काम चोख केलं. तरी गणपतीच्या हातातली लेखणी कुणी काढून घेतली का? आजीने सांगायची कथा परिशिष्टात गेली म्हणून आजी थांबली नाही.

आणि त्या पंडितांकडे निदान पुरावा होता. कंपनीकडे फक्त सोय असते. 'एजंट कार्टर' मालिकेतला जार्व्हिस २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये क्षणभर दिसला, तेव्हा चाहत्यांनी शिट्ट्या वाजवल्या. २०१८ साली बंद पडलेल्या 'डेअरडेव्हिल'चा नायक २०२१ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये अवतरला, २०२५ मध्ये त्याची मालिकाही नव्याने सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये ती जुनी मालिका सिनेमांच्या कालक्रमाच्या यादीतही घेतली गेली. शील्ड बाहेरच राहिली. म्हणजे कालपर्यंत 'न मोजलेलं' एका सकाळी 'मोजलेलं' झालं. मालिकेतलं एक अक्षर तरी बदललं का? मग आपलं प्रेम त्या यादीच्या तालावर का नाचवायचं?

खुद्द मालिकेने हा प्रश्न फार सुंदर मांडला आहे. बरेच चाहते चौथं पर्व (२०१६-१७) सर्वांत सरस मानतात, मीही मानते. त्यात सगळे एका संगणकाने रचलेल्या खोट्या जगात अडकतात. मॅक नावाच्या धिप्पाड एजंटची मुलगी होप जन्मल्यावर चार दिवसांत गेलेली असते. त्या खोट्या जगात ती जिवंत आहे, दहाएक वर्षांची, हुशार, बडबडी. हे जग खोटं आहे हे मॅकला कळतं, बाहेर पडायची वाट सापडते, तरी तो निघत नाही. मुलीला टाकून कसा जाऊ, म्हणतो. शेवटी ते जग पुसलं जातं आणि ती त्याच्या मिठीतून नाहीशी होते.

आता सांगा, ती मुलगी मोजायची की नाही?

माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं दुपारी त्यांच्या वारलेल्या बहिणीशी गप्पा मारायच्या. आम्ही कधी दुरुस्त केलं नाही. चहा दोन कप नेऊन ठेवायचो. मॅकचा तो प्रसंग पाहताना मला ते दोन कप दिसत होते. ज्या मालिकेने हे माझ्यापर्यंत आणलं, ती कुठल्या यादीत आहे याच्याशी मला काय करायचंय?

तरीही एका बाबतीत चाहत्यांचं मला पटतं. 'सगळं जोडलेलं आहे' हे वचन कंपनीने दिलं होतं, चाहत्यांनी ते मागितलं नव्हतं. लोकांनी त्या भरवशावर आठवड्याची संध्याकाळ राखून ठेवली. नंतर जमत नव्हतं, तर तसं सरळ सांगायला हवं होतं. मौन पाळून प्रेक्षकांना आपसात भांडायला लावणं हे बरं नव्हे. तक्रार करा, जरूर करा. पण तक्रार दिलेल्या शब्दाबद्दल करा. प्रमाणपत्रासाठी अर्ज करत बसू नका, कारण अर्ज केला की आपण बघितलेल्याची किंमत ठरवायचा हक्क आपणच त्यांच्या हाती देतो.

शेवटच्या भागात सगळे आपापल्या वाटेने गेलेले असतात. एक वर्षाने ते भेटतात, पण प्रत्यक्ष नाही. प्रत्येकजण आपल्या जागी, आणि भेट आभासी खोलीत. चित्रण कोरोनाच्या आधीचं, पण भाग लागला तो ऑगस्ट २०२० मध्ये, जेव्हा आपणही सगळे पडद्यावरच एकमेकांचे चेहरे बघत होतो. थोडं बोलतात, एकेक करून निघून जातात. जगाला वाचवण्यापेक्षा ते निरोप घेणं मला जास्त खरं वाटलं.

तेव्हा कुणाच्या घरी नातवंडं ही मालिका लावून बसली असतील, तर सुरुवातीचे भाग संथ म्हणून उठू नका. वॉर्डपर्यंत थांबा. आणि ज्यांना माझं मत पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहा. नातवाच्या मित्रांनाही हेच सांगते : वाद घाला, पण पोहे गार व्हायच्या आत.