विश्लेषण : छातीतील जळजळीवर नवी गोळी आली, पण ती कोणासाठी?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत छातीत जळजळ झाली की बहुतेक जण आधी औषध दुकानात जातात आणि ‘पित्ताची गोळी’ मागतात. डॉक्टर आठवतो तो त्रास वाढल्यावर. या गोळ्यांच्या बाजारात आता व्होनोप्राझान या नव्या औषधाची भर पडली आहे. दशकभरापूर्वीपर्यंत ते प्रयोगाच्या टप्प्यावर होते. २०२४ मध्ये भारतीय कंपन्यांनी ते देशात आणले. औषध उपयुक्त आहे. मात्र ज्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि जे ग्राहक ते मागतील, त्यांच्यात मोठा फरक आहे.

आजार नेमका काय?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की जठरातील आम्ल वर चढते. सणासुदीच्या जेवणानंतर आंबट ढेकर येणे हा आजार नव्हे. त्रास वारंवार होऊ लागला, झोप मोडू लागली की त्याला वैद्यकीय भाषेत ‘जर्ड’ म्हणतात. काहींच्या अन्ननलिकेला आतून जखमा होतात, तर अनेकांना जळजळ असूनही दुर्बिणीच्या तपासणीत जखम दिसत नाही. वाढलेले पोट, तंबाखू आणि उशिराचे जेवण यांनी त्रास बळावतो. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देऊन घरी येणारा, जेवून लगेच आडवा होणारा शेतकरी याचे नेहमीचे उदाहरण.

जुनी गोळी आणि नवी गोळी यांत फरक काय?

जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म ‘पंप’ असतात. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधे हे पंप बंद करतात, पण फक्त त्या वेळी चालू असलेले. जेवणाने पंप चालू होतात, म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. पूर्ण परिणामासाठी काही दिवस लागतात. जेवणानंतर जळजळ सुरू झाल्यावर गोळी घेणाऱ्यांना म्हणूनच गुण कमी येतो. व्होनोप्राझान पंपातील पोटॅशियमची जागा अडवते. त्याला जेवणाची वेळ पाळावी लागत नाही, परिणाम पहिल्याच दिवसापासून दिसतो आणि रात्रीही टिकतो.

प्रयोगांतून काय दिसले?

ही कल्पना लगेच यशस्वी झाली नाही. ॲस्ट्राझेनेका कंपनीचे ‘एझेडडी ०८६५’ हे याच प्रकारचे औषध जुन्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. काही रुग्णांच्या यकृताच्या चाचण्याही बिघडल्या आणि ते सोडून द्यावे लागले. व्होनोप्राझानला जपानमध्ये २०१४ मध्ये मान्यता मिळाली. पुढे अमेरिका व युरोपातील १,०२४ रुग्णांवर त्याची लॅन्सोप्राझोलशी तुलना झाली. आठ आठवड्यांत अन्ननलिकेच्या जखमा भरून आलेल्यांचे प्रमाण नव्या औषधाने सुमारे ९३ टक्के, तर जुन्याने सुमारे ८५ टक्के होते. जखमा तीव्र असलेल्या रुग्णांत दोन आठवड्यांनंतर हाच फरक ७० आणि ५३ टक्के असा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने जखमांसाठी आणि जुलै २०२४ मध्ये जखम नसलेल्या जळजळीसाठीही या औषधाला मान्यता दिली.

मग सर्वांनीच ते घ्यावे का?

नाही. या आकड्यांतच उत्तर आहे. मोठा फायदा तीव्र जखमा असलेल्यांना झाला, आणि त्या जखमा एंडोस्कोपी करून आधी पाहिलेल्या होत्या. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये साध्या जळजळीसाठी पहिले औषध म्हणून ही गोळी सरसकट वापरू नये, असा सल्ला दिला. तीव्र जखमा असणारे किंवा जुनी गोळी नीट घेऊनही गुण न येणारे रुग्ण तिचे खरे हक्कदार. इतरांना जनऔषधी केंद्रातील स्वस्त पॅन्टोप्राझोल वेळेवर घेतले तरी बहुधा पुरते.

सुरक्षिततेचे काय?

आतापर्यंतचा अनुभव समाधानकारक आहे, पण जुन्या गोळ्यांइतका दीर्घ नाही. दशकानुदशके घरोघरी घेतल्या गेलेल्या रॅनिटिडिनमध्ये कर्करोगकारक ठरू शकणारी अशुद्धी सापडली आणि २०२२ मध्ये भारताने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले. व्होनोप्राझानची अमेरिकी मान्यताही अशाच गटातील अशुद्धीच्या प्रश्नावरून लांबली होती. औषध नवे असताना त्यावर नजर ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय विकलेल्या गोळीवर ती कोण ठेवणार?

आपल्याकडचा खरा धोका कोणता?

गोळी प्रभावी असेल तर लक्षण लवकर दबते आणि आजार मागे राहू शकतो. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी ही लक्षणे असतील तर गोळी नव्हे, तपासणी हवी. छातीतील जळजळीसोबत घाम, धाप किंवा हातात कळ असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी ‘पित्त असेल’ म्हणून घालवलेला तास जिवावर बेततो. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून मिरज हे उपचारांचे गाव आहे, कराडलाही मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या रुग्णाला एंडोस्कोपीसाठी रोज बुडवून, प्रवासखर्च सोसून तिथवर यावे लागते. त्याच्यासाठी गावातील दुकान हाच दवाखाना ठरतो.

काय व्हायला हवे?

अन्न व औषध प्रशासनाने नव्या गोळीसाठी चिठ्ठीची सक्ती पहिल्या दिवसापासून पाळायला लावावी. एकदा सवय लागली की ती मोडत नाही, हे जुन्या गोळ्यांनी दाखवले आहे. आरोग्य विभागाने उपजिल्हा रुग्णालयांत ठरावीक दिवशी एंडोस्कोपीची सोय करावी. रुग्णानेही नवी गोळी लिहून दिली तर ती किती आठवड्यांसाठी आहे, हे डॉक्टरांना विचारावे. प्रयोगशाळेतून चांगले औषध आले आहे. ते योग्य रुग्णापर्यंत पोहोचवणारी तपासणी तालुक्यापर्यंत न्यायचे काम मात्र अजून बाकी आहे.